एका सिंहासनापुढचे सहा शेवट

शंकेखोर : तुझ्या त्या व्हिडिओ गेमचे सहाही शेवट मी पाहिले. परवा तुमच्याकडून परत येताना, मेमूत, फोनवर. पेण सुटल्यावर सुरू केले आणि नागोठणे यायच्या आत संपलेसुद्धा. गणपती गेल्यापासून रोज रात्री तू ज्यापायी डोळे फोडत बसलीस ते सगळं मिळून एवढंच. वर त्या सहांतले चार तर एकच आहेत. तोच माणूस, तेच सिंहासन. मागचा रंग बदलतो आणि निवेदक दोन-तीन वाक्यं वेगळी बोलतो. 2012 साली ‘मास इफेक्ट 3’च्या खेळाडूंनी याच गोष्टीवरून केवढा गहजब केला होता! तीन शेवट, तीन रंग. कंपनीला त्याच वर्षी जूनमध्ये वाढवलेला शेवट फुकट वाटावा लागला. तुमच्या ‘एल्डन रिंग’वर मात्र कुणी चिडत नाही. खुद्द बनवणाऱ्यांना तरी ते सहा वाटतात का? ट्रॉफ्या त्यांनी तीनच ठेवल्यात. मग हे ‘शेवट अनलॉक करणं’ म्हणजे नेमकं काय करणं, ते मला समजावून सांग.

खेळणारी : मामा, तुम्ही शेवट नाही पाहिलेत, शेवटच्या फिती पाहिल्यात. आमच्या कारखान्यात एका साच्यातल्या शंभर मूर्ती रांगेत असतात. रंगून झाल्या तरी सगळ्या एकसारख्याच दिसतात. मग आखणी होते. बारीक ब्रशाने डोळ्याची रेघ ओढायची, बस. तेवढ्याने एक मूर्ती प्रसन्न होते आणि शेजारची जरा रागावल्यासारखी दिसते. बाहेरच्याला ती रेघ सांगूनही कळत नाही, पण गिऱ्हाईक त्याच रेघेवर मूर्ती उचलतं. या खेळातल्या सिंहासनाचं तसंच आहे. त्यावर कोण बसलं हे एकच राहतं. कुणाचं ऐकून बसलं ते बदलतं.

थोडं मागून सांगते. खेळ 2022च्या फेब्रुवारीत आला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. त्या जगाचा पुराणकाळ जॉर्ज मार्टिननं लिहिलेला. मारिका नावाच्या राणीने, जी देवीच आहे, स्वतःच्याच राज्याचा नियम फोडलाय. त्याचे तुकडे तिच्या मुलाबाळांनी वाटून घेतले आणि लढत बसले. आपण कोण? कधीकाळी हाकलून दिलेल्यांपैकी एक. परत बोलावलंय, पण कशासाठी ते धड कुणी सांगत नाही. वाटेत माणसं भेटतात आणि या जगाचं काय बिघडलंय याचं प्रत्येकाचं निदान वेगळं. फिया म्हणते, मेल्यावरही जे जगतायत त्यांना या नियमात जागा नाही, ती द्या. गोल्डमास्क काहीच म्हणत नाही, पण त्याचं निदान असं की देवच चंचल आहेत. नियम त्यांच्या लहरीबाहेर न्या. डंग ईटर हा तर किळसवाणा माणूस. त्याचं म्हणणं, सगळेच शापित झाले की कुणीच शापित राहणार नाही. रॅनी म्हणते, देवाने माणसांच्या इतकं जवळ असूच नये. आणि जमिनीखाली डांबलेली ती ‘तीन बोटं’ म्हणतात, वेगवेगळं जन्माला येणं हीच मूळ चूक. सगळं वितळवून पुन्हा एक करा. शेवट म्हणजे यांतल्या कुणाला तरी तुम्ही ‘बरोबर’ म्हणता. कुणालाच म्हणालात नाही, तर फुटलेलं जसं होतं तसं सांधता. तोही एक शेवट आहे, आणि बहुतेकांना नकळत तोच मिळतो.

शंकेखोर : ‘नकळत’ हा शब्द तूच वापरलास, बरं झालं. माझी हरकत तिथेच आहे. तू मतं सांगितलीस, वाट नाही सांगितलीस. तो गोल्डमास्क बोलत नाही. त्याच्या शेवटापर्यंत जायचं तर राजधानीतल्या एका पुतळ्यासमोर एक विशिष्ट मंत्र म्हणायचा. त्या मंत्राला बुद्धीचा आकडा 37 लागतो. मग पुतळा बदलतो, राणी आणि तिचा नवरा एकच व्यक्ती असल्याचं उघड होतं, ते जाऊन गोल्डमास्कला सांगायचं, आणि पुढे शहराची राख झाल्यावर त्याच्या प्रेताजवळून ती खूण उचलायची. हे तुला सुचलं? तलवार घेऊन फिरणाऱ्या, बुद्धीचा आकडा दहाच्या आसपास असलेल्या माणसाला हे कसं सुचावं? गाईड उघडलंस, ‘बोलणं संपेपर्यंत बोलत राहा, मग विश्रांती घ्या, मग पुन्हा बोला’ असं वाचलंस आणि केलंस. लोकांना पात्रं सापडेनात म्हणून खेळ आल्यावर तीन आठवड्यांत त्यांना नकाशावर पात्रांच्या खुणा टाकाव्या लागल्या. आता मला सांग, ज्याला दुसरी दारं आहेत हेच ठाऊक नाही त्याने पहिल्या दारातून जाणं ही निवड नव्हे. आणि ज्याने यादी बघून दार उघडलं, त्याचीही नव्हे. मग निवड केली कुणी?

खेळणारी : एकट्याने कुणीच केली नाही, आणि एकट्याने करावी अशी या लोकांची अपेक्षाही नाही. जमिनीवर इतर खेळाडूंनी सोडलेले संदेश चमकत असतात: ‘पुढे लपलेली वाट’, ‘इथे उडी मार’. निम्मे खोटे. एवढा मोठा खेळ जाणूनबुजून असा केलाय की तो पुरा कळायला हजारो माणसांचं बोलणं एकत्र यावं लागतं. तुम्हाला याचं नवल का वाटावं? रामायण तुम्ही एकट्याने शोधून काढलंत? आपल्याकडे एका रामकथेला कितीतरी शेवट आहेत. विमलसूरीचं ‘पउमचरिय’ घ्या, आपल्याच महाराष्ट्री प्राकृतातलं. त्यात रावणाला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो; राम हिंसेपासून लांब राहतो आणि शेवटी दीक्षा घेऊन मोक्षाला जातो. हे एकदा कळलं की नेहमीची गोष्टही पहिल्यासारखी राहत नाही. रामाने बाण सोडला की मनात येतं, इथे तो न सोडणाराही एक राम आहे. दुसरे शेवट आहेत हे मला गाईडमधून कळलं म्हणून माझा शेवट खोटा होत नाही. उलट तेव्हा कुठे तो माझा होतो, कारण मी काय सोडलं ते मला ठाऊक असतं.

शंकेखोर : उदाहरण चांगलं काढलंस, पण ते तुझ्यावरच उलटतं. विमलसूरीने सहा शेवटांची यादी केली नव्हती. त्याला वाटत होतं की रामाची खरी गोष्ट हीच, बाकीच्यांनी बिघडवून सांगितली. त्याने आपली सगळी श्रद्धा त्या एका शेवटावर लावली. वाल्मीकीला मानणाऱ्यानेही आपली तशीच लावली. आपल्या जीएंचं ‘रमलखुणा’ काढ. दोन दीर्घकथा, दोन प्रवास, आणि दोन्हींचा शेवट लेखकाने स्वतःच्या अंगावर घेतलेला. वाचकाला ‘आवडेल तो घे’ असं ते सांगत नाहीत. तुम्ही लोक काय करता? सिंहासनापुढे पोचलात की सेव्हची प्रत काढून ठेवता. एक शेवट पाहायचा, प्रत परत चढवायची, दुसरा पाहायचा. एका रात्रीत तीन ट्रॉफ्या. सकाळी रॅनीशी लग्न, दुपारी जग जाळलं, संध्याकाळी राजा. सहाही शेवट ज्याच्याजवळ आहेत त्याचा कुठल्याच शेवटावर विश्वास नाही. रामकथा अनेक आहेत हे खरं, पण त्या अनेक माणसांच्या आहेत. एकाच माणसाने एकाच रात्री सगळ्या मानल्या असं कधी झालेलं नाही.

खेळणारी : प्रती काढणाऱ्यांबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. मीही दोन शेवट तसेच बघितले आणि त्या दोन्हींतलं मला आज काहीही आठवत नाही. हे बनवणाऱ्यांनाही कळतं. 2017चा ‘निअर : ऑटोमाटा’ आहे. त्याला सव्वीस शेवट, इंग्रजी अक्षरांएवढे. त्यातले बरेच चेष्टेचे, एक तर नको तो मासा खाल्ला म्हणून खेळ संपतो. पण ‘ई’ या शेवटाशी खेळ तुम्हाला विचारतो : कुणा अनोळखी खेळाडूला मदत करायची आहे का? करायची असेल तर तुमचा सगळा सेव्ह पुसला जाईल. सगळा. तो कोण, त्याला ती मदत पोचली का, कळणार नाही. तिथे प्रतीचा हिशेबच उधळून लावलाय. म्हणजे शेवटाला किंमत लावता येते. ‘एल्डन रिंग’ तसं उघड विचारत नाही. त्याची किंमत आधीच कापून घेतलेली असते, तुमच्या लक्षात यायच्या आत. फिया सुरुवातीला जवळ घेते, बरं वाटतं, आणि तिच्या मिठीतून मिळालेली वस्तू जवळ बाळगली की तुमचं आयुष्य गुपचूप थोडं कमी होतं. कित्येकांना पुढे खूप उशिरा कळतं.

पण खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातून जात नाही ती मेलिना. हे तुम्हाला मेमूतल्या फितींत दिसलं नसणार. मेलिना ही अगदी पहिल्यापासून सोबत असते. घोडा तीच देते, अंगी बळही तीच आणते. पुढे एका डोंगरावर कळतं की त्या सोनेरी महावृक्षाला आग लावल्याशिवाय वाट उघडत नाही, आणि आगीला सरपण म्हणून तीच हवी. ती तयार असते. तिला तिच्या आईने त्याच कामाला ठेवलेलं, पण ती म्हणते की आता हे मी माझ्या मनाने करतेय. आता वाटेत एक शब्रिरी भेटतो. तो, आधी भेटलेल्या एका भल्या माणसाच्या मढ्यात शिरून, गोड आवाजात सांगतो : कशाला त्या पोरीला जाळतोस? शहराच्या पोटात खाली उतर, तीन बोटांचा अग्नी स्वतःच्या अंगात घे, मग सरपण तूच. मुलगी वाचेल. मामा, हे ऐकल्यावर गाईडबिईड काही आठवत नाही. तिथे मी खेळ थांबवून बसले होते.

शंकेखोर : आणि उतरलीस.

खेळणारी : उतरले. गटारांतून, भिंती फोडून, अगदी तळाशी. तिथे शेवटचं दार अंगावरचं सगळं उतरवल्याशिवाय उघडत नाही. आणि खाली जाताना मेलिना विनवते की हे करू नकोस, हा अग्नी घेऊ नकोस. मी घेतला. त्यानंतर ती सोडून जाते. भांडत नाही, निरोप घेते आणि जाते. शेवटापर्यंत तसंच गेलात तर बाकीचे पाचही शेवट बंद. सिंहासनापुढे तुमच्या डोक्याच्या जागी पिवळी आग आणि सगळं जग जळतंय. मग ती दिसते. जिला वाचवायला हे सगळं केलं ती शपथ घेते की तुला शोधून मारेन. तेच तुम्ही तिला आधीच जाळून मग खाली उतरलात, तर हा प्रसंग येतच नाही, कारण शपथ घ्यायला कुणी उरलेलं नसतं. आता सांगा, ही रंग बदललेली फीत आहे?

शंकेखोर : नाही. हे चांगलं रचलंय. तिने स्वतः ठरवलेलं मरण तू तिच्याकडून काढून घेतलंस आणि त्याला वाचवणं म्हणालीस. आपल्या घराघरात हे चालतं, त्याला अग्नी लागत नाही. पण थांब. मी वाचलंय की यातूनही पळवाट आहे. ती सुई.

खेळणारी : मिकेलाची सुई. हो.

शंकेखोर : मग सांग ना ते. मिलिसेंट नावाच्या मुलीची लांबलचक गोष्ट पुरी करायची, मलेनियाला हरवायचं, मग ती सुई हाती येते. काळाच्या पलीकडे असलेल्या एका प्राचीन ड्रॅगनच्या जागी जाऊन ती वापरायची की अग्नी निघून जातो. म्हणजे हिशेब कसा? अग्नी घेतला, त्याने झाड पेटवलं, मेलिना जिवंत राहिली, मग सुईने अग्नी काढला आणि सावकाश आपल्या आवडीचा शेवट निवडला. मुलगीही वाचली, जगही वाचलं. एवढा मोठा पेच मांडायचा आणि जो पुरेसा चतुर आहे, किंवा ज्याच्याजवळ पुरेसं गाईड आहे, त्याच्यासाठी मागचं दार उघडं ठेवायचं. नीतीचा प्रश्न कौशल्याचा करून टाकला. मलेनियाला हरवता आलं तो पुण्यवान!

खेळणारी : मीही आधी असंच समजले होते. सुई मिळवली, वापरली, रॅनीचा शेवट घेतला आणि वाट पाहिली की आता कुठेतरी मेलिना दिसेल. दिसत नाही. एक शब्दही नाही. ती तुम्हाला सोडून गेली ती गेलीच. तुम्ही अग्नी काढून टाकलात हे तिला कळलं की नाही, ती कुठे आहे, अजून तुमच्या मागावर आहे का, काहीच सांगत नाहीत. दोघांनाही वाचवल्याची पावती कुणी फाडून देत नाही.

शंकेखोर : किंवा तेवढी फीत बनवायचा त्यांना कंटाळा आला. इतक्या जोड्या जुळतात, कुठे कुठे पुरे पडणार? तू ज्याला अर्थपूर्ण मौन म्हणतेस ते अपुरं काम नाही हे कशावरून?

खेळणारी : कशावरूनच नाही. खेळाच्या आत राहून ते ठरवता येत नाही. पण बाहेर तरी कुठे येतं?



शंकेखोर : बाहेर येतं का, हा प्रश्न तुम्हा पेणकरांनीच सोडवावा. 2008च्या सप्टेंबरची 21 तारीख. तू लहान होतीस. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचं मतदान घेतलं. आपल्या देशात असं मत कुणी विचारल्याचं तोवर ऐकलं नव्हतं. लोकांचा कौल विरोधात होता. पुढे ते सेझ झालं नाही. आता जा आणि विचार, का झालं नाही? एक म्हणेल मतदानामुळे. दुसरा म्हणेल मोर्च्यांमुळे. तिसरा म्हणेल मुदती उलटल्या, बाजार बसला, कंपनीला परवडेना. तिघेही शहाणी माणसं आहेत. शेवट सगळ्यांसमोर आहे, पण तो कुठल्या किल्लीने उघडला ते कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. तुझ्या खेळात नेमकं उलटं. आकडा 37, डंग ईटरसाठी पाच शाप, एक सुई. हे केलं की तेच होतं. खेळाचं सुख मला वाटतं सहा शेवटांत नाही, या खात्रीत आहे. आपल्या हातून काय झालं ते तिथे कळतं. आणि म्हणूनच त्यातून जगण्याबद्दल काही शिकायला मिळतं असं जेव्हा तू म्हणतेस, तेव्हा मला धास्ती वाटते.

खेळणारी : मी शिकायला मिळतं असं म्हटलं नाही. पण तुमची ही हरकत सगळ्यांत जड आहे, कारण ती गाईडबद्दल नाही. खात्री आहे हे मान्य. ती यंत्राची आहे : हे दाबलं की ते उघडतं. पण काय उघडलं ते चांगलं होतं का, याबद्दल खात्री नाही. रॅनीचा शेवट घ्या. सगळ्यांत लाडका. ती चांदण्यात घेऊन जाते, लोक हरखतात. पण तिथवर पोचेपर्यंत तिच्या जिवाला जीव देणारे ब्लेड आणि इजी दोघे मेलेले असतात. आणि देव दूर गेला म्हणजे माणसं मोकळी झाली की अनाथ, यावर खेळाडू अजून भांडतात. तुमच्या 22 गावांत शेवट ठाऊक आणि कारण अंधारात. इथे कारण ठाऊक, आणि शेवटाची किंमत अंधारात. दोन्हीकडे एक बाजू झाकलेलीच आहे. मी ती दुसरी झाकलेली बाजू बघायला जाते, एवढंच म्हणेन.

शंकेखोर : हे मात्र विचार करण्यासारखं आहे. मला यावरून आमचा चांदोबा आठवला. महिन्याच्या महिन्याला विक्रम प्रेत खांद्यावर घ्यायचा, वेताळ गोष्ट सांगायचा आणि शेवटी प्रश्न. उत्तर ठाऊक असून दिलं नाहीस तर डोक्याची शकलं होतील. दिलंस तर मौन मोडलं, वेताळ परत झाडावर. उत्तर दरवेळी बरोबर, आणि बरोबर आलं म्हणूनच हार. चांदोबात हे कधी संपायचं नाही. मूळ पंचविशीत मात्र संपतं : शेवटच्या प्रश्नाला राजा गप्प राहतो. हुशारीने नव्हे हं. त्याला खरंच उत्तर येत नसतं. आणि तेव्हाच वेताळ प्रसन्न होऊन सांगतो की ज्या गोसाव्यासाठी तू मला नेतोयस तो तुझाच बळी देणार आहे. तुझ्या त्या पाच शहाण्यांच्या मतांपुढे मला हाच प्रश्न पडतो. प्रत्येक शेवट म्हणजे एक उत्तर. गप्प बसायची सोय तुमच्या खेळात आहे का?

खेळणारी : आहे, गंमत म्हणजे. शेवटच्या राक्षसाला मारल्यावर मारिकाचं भंगलेलं शरीर समोर येतं. हात लावला की निवड. पण लावलाच पाहिजे असं नाही. पाठ फिरवून निघून जाता येतं. कुठेही भटका, कुणी काही म्हणत नाही. ट्रॉफी नाही, फीत नाही. शेवटांच्या यादीत ते कुणी धरत नाही. माझा एक सेव्ह तसाच ठेवलाय.

शंकेखोर : आणि त्यात मेलिना?

खेळणारी : त्यात मी तिला जाळलेलं आहे.

शंकेखोर : म्हणजे गप्प बसण्याआधीच तू एक उत्तर देऊन बसलेली होतीस. मग त्या गप्प बसण्याला काय किंमत? विक्रमाला खरंच ठाऊक नव्हतं. तुला सगळं ठाऊक आहे, सगळं करूनही झालंय, आणि आता शेवटच्या पायरीवर तू म्हणतेस की मी ठरवत नाही.

खेळणारी : मग करायचं काय? सिंहासनापर्यंत दोनच वाटा जातात. एकीत ती जळते, दुसरीत तो अग्नी मी घेते. तिथे हात न माखता पोचायची तिसरी वाट मी शोधली, मामा. खूप शोधली. गाईडमध्येही नाही.